कान देऊन पाहावा असा 'दास बोट'

पाणबुडीला खिडकी नसते. पेरिस्कोप असतो, पण तो एका वेळी एका माणसापुरता, आणि तोही पाणबुडी पृष्ठभागालगत असेल तोवरच. त्याहून खाली गेलं की आतली पन्नास माणसं आंधळी. वर कोण आलंय, किती जवळ आलंय, थांबलंय की निघून चाललंय, हे सगळं कानांनी ओळखायचं. वोल्फगांग पीटरसन यांचा 'दास बोट' हा 1981 चा जर्मन चित्रपट या एका वस्तुस्थितीवर उभा आहे. सिनेमा ही डोळ्यांची कला असं आपण धरून चालतो. पीटरसन ती कला अशा जागी घेऊन गेले जिथे डोळ्यांना काम नाही, आणि तिथे गेल्यावर डोळ्यांची सोय लावून देण्याचा मोह त्यांनी जवळजवळ शेवटपर्यंत आवरला. कोंडलेल्या जागेत घडणारे थरारपट पुष्कळ आहेत. मला यासारखा दुसरा ठाऊक नाही.

कथा थोडक्यात अशी. 1941 चं साल, फ्रान्सचं ला रोशेल बंदर जर्मनांच्या ताब्यात. तिथून यू-96 ही पाणबुडी अटलांटिकमध्ये ब्रिटनकडे जाणाऱ्या मालवाहू ताफ्यांच्या शिकारीला निघते. सोबत वेर्नर हा तरुण युद्धवार्ताहर. बराच काळ काहीच घडत नाही. मग वादळ, मग ताफ्यावर हल्ला आणि विनाशिकांनी उगवलेला सूड. आता घरी जायचं, असं वाटत असतानाच हुकूम येतो भूमध्य समुद्रात शिरण्याचा, म्हणजे जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीतून, ब्रिटिश आरमाराच्या नाकाखालून. मूळ कादंबरी लोथार-ग्युंथर बुखहाइम यांची, 1973 ची. बुखहाइम स्वतः वार्ताहर म्हणून याच क्रमांकाच्या खऱ्या पाणबुडीवर 1941 मध्ये जाऊन आले होते, आणि तिचे तेव्हाचे कप्तान हाइनरिश लेमान-विलेनब्रोक चित्रपटासाठी सल्लागार होते. जागेचा तपशील कुठेही ऐकीव वाटत नाही, याचं मूळ इथे आहे.

आणि जागा म्हणजे किती? या जातीची पाणबुडी साधारण 67 मीटर लांब असे. पाण्याचा दाब सोसणारं तिचं आतलं पोलादी नळकांडं सगळ्यांत रुंद ठिकाणी जेमतेम 4.7 मीटर व्यासाचं. त्यात डिझेल इंजिनं, विजेच्या मोटारी, बॅटऱ्या, पाणतीर, नळ्या, झडपा, चाकं. यांतून उरेल ती जागा माणसांची. वेर्नर पहिल्यांदा आत येतो तेव्हा त्याच्याबरोबर आपणही हे पाहत जातो. छताला टांगलेली सॉसेजं, पाव, फळं. शौचालयं दोन, त्यांतलं एक शिध्यानं भरलेलं. एकजण पहाऱ्याला गेला की त्याच्या उबदार बिछान्यात दुसऱ्यानं पडायचं. पीटरसन इथे मुळीच घाई करत नाहीत. धोक्याचं नाव निघण्याआधी ही जागा आपल्या अंगवळणी पडावी, कोणती मोरी कुठे, नियंत्रणकक्षातून इंजिनाकडे जायला किती गोल दारं ओलांडावी लागतात हे पायांना कळावं, एवढा वेळ ते देतात. पुढे एखादी झडप फुटते तेव्हा ती कुठली तरी झडप नसते. ती जिच्याखाली तो अमुक पोरगा झोपतो ती असते. भय वाटायला आधी तिथे वस्ती असावी लागते.

हा सगळा देखावा म्युनिकजवळच्या बव्हारिया स्टुडिओत उभा केला होता. कलादिग्दर्शक रोल्फ त्सेहेटबाउअर, 'कॅबरे'साठी ऑस्कर मिळवलेले. स्टुडिओतल्या खोलीची एक भिंत सहसा सुटी ठेवतात. ती काढली की कॅमेरा, दिवे आणि माणसं मोकळेपणानं मागे सरकू शकतात, आणि पडद्यावर आपण एखादी खोली तिच्या भिंतीच्या पलीकडून पाहतो. बहुतेक पाणबुडीपटांत हेच होतं. खोली अरुंद आहे असं पात्रं सांगतात, पण कॅमेरा ऐसपैस जागेत उभा असल्याचं आपल्या नजरेला कुठे तरी जाणवत राहतं. पीटरसन आणि छायालेखक योस्ट वाकानो यांनी ही सवलत नाकारली. पोलादी नळकांडं कुठेही कापायचं नाही, कॅमेरा आतच राहील, खलाशाला जेवढी जागा तेवढीच त्याला. हे नळकांडं जलशक्तीवर हलणाऱ्या आधारावर बसवलेलं होतं आणि ते 45 अंशांपर्यंत कलू शके. म्हणजे नट तोल गेल्याचं दाखवत नव्हते. त्यांचा तोल जात होता.

वाकानो यांचा कॅमेरा हा या चित्रपटातला मोठा शोध. तेव्हा नवा आलेला स्टेडीकॅम अंगावर चढवून त्या गोल दारांतून जाणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी एक छोटा ॲरीफ्लेक्स कॅमेरा जायरोस्कोपच्या आधारानं हातात धरण्याजोगा केला, डोक्याला शिरस्त्राण आणि अंगाला गाद्या बांधल्या, आणि ते नटांच्या मागे धावत सुटले. ही धाव एकदा पाहिली की विसरत नाही. तातडीनं बुडी मारायची वेळ आली की हाताशी काम नसलेला प्रत्येकजण नाकाडाकडे पळतो, कारण पुढचं टोक जड झालं की पाणबुडी लवकर खाली जाते. माणसाचं शरीर इथे वजन म्हणून वापरलं जातं. चाळीसेक माणसं दारादारांतून अंग झोकून देत पुढे जातात, कोपरं आपटतात, एकमेकांवर पडतात आणि नाकाडात दाटीवाटीनं पडून राहतात. कॅमेरा त्यांच्यातलाच एक होऊन धावतो, आणि शेवटी त्यांच्यासारखाच अडकून थांबतो. पुढे जागाच नसते.

आता मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट. या कॅमेऱ्याच्या जायरोस्कोपचा आवाज इतका होता की चित्रीकरणाच्या वेळी संवाद मुद्रित करणं शक्य नव्हतं. चित्रपट बहुतांशी मूकच चित्रित झाला, आणि नटांनी आपले संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा म्हटले. ज्या चित्रपटाचा प्राण आवाजात आहे तो मुळात आवाजाशिवाय टिपला गेला. हे मला त्याचं वैगुण्य वाटत नाही, उलट त्याच्या घडणीची गुरुकिल्ली वाटते. आपोआप आलेला असा आवाज यात फारसा नाहीच. पोलादाचं कण्हणं, थेंब पडणं, दाबाखाली आखडणाऱ्या लाकडाची करकर, वरून जाणाऱ्या विनाशिकेच्या पंख्याची लय, कुणाच्या तरी नाकातून सुटणारा श्वास, यांतला प्रत्येक आवाज कुणी तरी विचार करून तिथे ठेवलेला आहे. ऑस्करच्या सहा नामांकनांत ध्वनी आणि ध्वनिपरिणामांचं संकलन अशी दोन नामांकनं या विभागाला होती.

हे ऐकणं पडद्यावर कसं येतं ते ताफ्यावरच्या हल्ल्यानंतर दिसतं. पाणतीर सुटले आहेत, विनाशिका अंगावर आली आहे, पाणबुडी खाली दडली आहे. कप्तान (युर्गन प्रोखनोव) आवाज खाली आणतो. मग सगळेच कुजबुजतात. एका कोपऱ्यात हिनरिश कानांना श्रवणयंत्र लावून बसलेला. हाइन्झ होनिग या नटाला या प्रसंगात कृती जवळजवळ नाहीच. एक चाक हलकेच फिरवायचं, डोळे कुठे तरी शून्यात लावायचे आणि शत्रूची दिशा सांगायची. पण नियंत्रणकक्षातल्या सगळ्या नजरा त्याच्या चेहऱ्यावर, आणि म्हणून आपलीही. मग ब्रिटिश सोनारचा टणत्कार पाणबुडीच्या कवचावर येऊन आदळू लागतो. सुरुवातीला लांबून, मग जवळून, मग असा की कुणी बाहेरून नखानं टकटक करतंय असं वाटावं. आणि शेवटी पंख्याचा आवाज. तो यंत्राशिवायही ऐकू येतो. तो जवळ येतो तशा सगळ्या माना वर जातात.

या वर जाणाऱ्या मानांवर मी थांबतो. वर पाहण्यासारखं काही नाही. नळ्या आहेत, तारा आहेत, पोलाद आहे. तरी पन्नास माणसं छताकडे पाहतात, कारण आवाज तिथून येतोय, आणि डोळ्यांना कानांच्या मागे जायची सवय असते. आंधळेपणाचं याहून नेमकं चित्र मला आठवत नाही. पीटरसन चेहऱ्यांवरून सावकाश जातात. कुणाच्या ओठांची हालचाल, कुणाचा घाम, कुणी धरलेला लोखंडी दांडा. डेप्थ चार्ज पाण्यात पडल्याचं सांगितलं जातं. मग मधला काळ. तो खाली यायला किती सेकंद घेईल हे या माणसांना अनुभवानं कळतं, आपल्याला त्यांच्या चेहऱ्यांवरून. मग स्फोट, फुटणारे दिवे, अंधार, विजेऱ्यांचे झोत, फवारणारं पाणी. स्फोट होतो तेव्हा खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटतं. भीती त्याच्या आधीच्या सेकंदांत होती.

हिचकॉक यांचं सूत्र प्रसिद्ध आहे. टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला दाखवा आणि पात्रांना त्याची खबर लागू देऊ नका. प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त माहीत असणं हा त्यांच्या उत्कंठेचा पाया. युद्धकाळातल्या पाणबुड्यांवरचे हॉलिवूडपट हा पाया वापरतात. खाली पाणबुडी, वर विनाशिका, आणि कॅमेरा दोन्हीकडे ये-जा करतो. 1957 चा 'द एनिमी बिलो' तर दोन कप्तानांचा बुद्धिबळाचा डावच आहे, आणि पट आपल्याला पूर्ण दिसतो. 'दास बोट' उलट टोकाला जातो. वरच्या विनाशिकेच्या कठड्यावर कॅमेरा जात नाही. तिच्या कप्तानाचं तोंड आपण पाहत नाही. आपल्याला तेवढंच ठाऊक, जेवढं त्या खलाशांना. हिचकॉकच्या पद्धतीत प्रेक्षक पात्राला सावध करायला धडपडतो. इथे आपण कुणाला सावध करणार? आपणही त्यांच्याबरोबर श्वास रोखून बसलेले. ही उत्कंठा जास्त थकवणारी आहे, आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक.

या दडपणाखाली माणसं कशी वाकतात हेही चित्रपट फार बारकाईनं पाहतो. योहान हा इंजिनाचा मेकॅनिक, एर्विन लेडर यांनी केलेला. इंजिनाशी ज्याचं गूळपीठ, असा हा माणूस एका हल्ल्यात इंजिनघर सोडून नियंत्रणकक्षात येतो. डोळे विस्फारलेले, पाऊल वरच्या शिडीकडे. कप्तान समजूत घालतो, मग पिस्तूल आणायला जातो. परत येतो तोवर इतरांनी योहानला मागे नेलेलं असतं. कप्तानाच्या हातातलं ते पिस्तूल आता कुणासाठीच नाही, आणि प्रोखनोव ते धरून क्षणभर उभे राहतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा शरम जास्त दिसते. नंतर योहान येऊन क्षमा मागतो. पुढे जिब्राल्टरच्या तळाशी पाण्यात बुडून दुरुस्ती करणाऱ्यांत तो पुढे असतो. पटकथेनं त्याला भित्रा ठरवून मोकळं केलं असतं तर सोपं झालं असतं.

नटांच्या बाबतीतही खऱ्याखोट्याची सीमा पुसट ठेवलेली आहे. प्रसंग कथेच्या क्रमानंच चित्रित केले गेले, म्हणजे दाढ्या खऱ्या वाढाव्यात. उन्हात जायची मनाई होती, म्हणजे कांती खरीच फिकटावी. सुरुवातीला कप्तान वेर्नरला सांगतो की फोटो काढायचे तर परत येताना काढ, तेव्हा या पोरांना दाढ्या आलेल्या असतील. ही कोवळी तोंडं शेवटी काय होतात ते मग आपण फोटोविनाच पाहतो. वादळाच्या चित्रीकरणात यान फेडर हा नट खरोखरच घसरून पडला आणि जायबंदी झाला. बर्न्ट टाउबर, जो दिशादर्शक क्रीशबाउम झालेला, तो माणूस पडल्याची आरोळी ठोकतो ती खरी आहे. पीटरसन यांनी तो तुकडा ठेवला आणि कथेत त्याला जागा करून दिली.

बाहेर मोकळ्यावर येणं म्हणजे सुटका, अशी आपली कल्पना. हा चित्रपट तीही ठेवत नाही. हल्ल्यानंतर कित्येक तासांनी पाणबुडी वर येते. रात्र, थंड हवा, आणि समोर त्यांनीच पेटवलेलं तेलवाहू जहाज अजून जळतंय. ते पुरतं बुडावं म्हणून कप्तान आणखी एक पाणतीर सोडतो, आणि मग लक्षात येतं की जहाजावर माणसं अजून आहेत. ती पेटलेल्या पाण्यात उड्या टाकतात, पोहत पाणबुडीकडे येऊ लागतात. आत कुणालाही घ्यायला जागा नाही. कप्तान पाणबुडी मागे घ्यायला सांगतो. तासन्‌तास कोंडून राहिल्यावर मिळालेलं पहिलं विस्तीर्ण दृश्य हे. इतका वेळ ज्याला फक्त आवाज होता त्या युद्धाला इथे तोंडं मिळतात, आणि ती तोंडं पाहवत नाहीत. पुढे स्पेनमधल्या विगो बंदरात एका जर्मन जहाजावर मेजवानी होते. पांढरे टेबलक्लॉथ, फळांच्या राशी, इस्त्रीचे गणवेश, आणि यजमान स्वच्छ कपड्यांतल्या दुय्यम अधिकाऱ्यालाच कप्तान समजतात. ऐसपैस दालनात या मळक्या माणसांना उभं कसं राहावं कळत नाही. प्रसंग छोटा आहे, पण आपल्यालाही त्या दालनात परकं वाटतं. पाणबुडी आपली झालेली असते.

जिब्राल्टरचा भाग हा चित्रपटाचा कळस. विमानाच्या हल्ल्यानं जखमी झालेली पाणबुडी बुडी मारते आणि थांबत नाही. खोलीमापकाचा काटा सरकत राहतो. ही तबकडी आपल्या ओळखीची आहे. प्रवासाच्या सुरुवातीला कप्तानानं चाचणी म्हणून पाणबुडी खोल नेली होती, पोलाद कुरकुरलं होतं, वेर्नरचा चेहरा उतरला होता आणि जुने खलाशी गालात हसले होते. तेव्हा पेरलेलं आता उगवतं. आता कुणी हसत नाही. आकडे उच्चारले जातात, काटा धोक्याच्या हद्दीपलीकडे जातो, बोल्ट गोळ्यांसारखे सुटू लागतात. आणि मग धप्प. समुद्रतळाच्या वाळूच्या कड्यावर पाणबुडी टेकते, 280 मीटरवर. तिथून पुढचा काळ दुरुस्तीचा. पाणी उपसणं, फुटलेल्या बॅटऱ्या जोडणं, विरळ होत जाणारी हवा, नळ्यांतून श्वास घेत आडवे पडलेले खलाशी. स्फोट नाहीत, शत्रू नाही. तरीही हा भाग सगळ्यांत ताणलेला, कारण आता ऐकायला फक्त आपलेच आवाज उरले आहेत. कप्तान वेर्नरपाशी हार मानतो. त्यानंतर मुख्य अभियंता (क्लाउस वेनेमान) येतो, उभं राहण्याचंही त्राण नसलेला, आणि एकेक काम झाल्याचं अहवालासारखं सांगत जातो. पराक्रमाचं असं रुक्ष निवेदन मी दुसऱ्या युद्धपटात ऐकलेलं नाही. वेनेमान ते जवळजवळ झोपेत बोलल्यासारखं बोलतात, आणि डोळे भरून येतात.

ते का भरून यावेत, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ही हिटलरच्या आरमारातली माणसं आहेत. पीटरसन यांनी एक आठवण सांगितली आहे. लॉस एंजलिसमधल्या पहिल्या खेळाला आरंभीची पाटी आली, 40,000 जर्मन पाणबुडी खलाशांपैकी 30,000 परतले नाहीत, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी त्याच प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आपल्या साहित्यशास्त्रात भट्टनायकानं साधारणीकरण म्हटलं ते हेच. भाव कुणा एका व्यक्तीचा, एका देशाचा राहत नाही, आणि म्हणूनच आस्वादता येतो. मात्र ते घडवून आणायला साधन लागतं, आणि इथलं साधन त्या खलाशांची बाजू मांडणारं भाषण नाही. ते आहे त्यांच्याइतकंच कमी दिसणं आणि त्यांच्याइतकंच ऐकू येणं. दोन तास कुणाच्या कानांनी ऐकल्यावर त्याला शत्रू म्हणणं जड जातं.

इथेच माझी एक तक्रारही आहे. कप्तान नाझी राजवटीबद्दल उघड तुच्छतेनं बोलतो, खलाशी बेफिकीर आहेत, आणि विचारसरणीवर निष्ठा असलेला माणूस जवळपास एकच, तो इस्त्रीच्या कपड्यांतला अधिकारी. प्रेक्षकाची सहानुभूती मिळवायला हे वाटप फार सोयीचं झालं आहे. इतक्या ताकदीच्या कॅमेऱ्याला या सोयीची गरज नव्हती. खुद्द बुखहाइमही चित्रपटावर खूश नव्हते. दुसरी तक्रार पाण्याखालून पाणबुडी बाहेरून दाखवणाऱ्या दृश्यांची. ती मोजकी आहेत, प्रतिकृती कुशलतेनं चित्रित केली आहे, पण प्रत्येक वेळी ते दृश्य येतं तेव्हा आपण नळकांड्याबाहेर फेकले जातो आणि क्षणभर सुरक्षित होतो. मला ती एकही नको होती.

शेवटाबद्दल मतभेद आहेत. पाणबुडी ला रोशेलला परत येते, धक्क्यावर बँड वाजतो, आणि त्याच वेळी विमानांचा हल्ला होतो. वाचून आलेली माणसं उघड्या आकाशाखाली मरतात. काहींना हा नियतीचा ओढूनताणून आणलेला खेळ वाटतो. मला नाही वाटत. इतका वेळ या माणसांना जिवंत ठेवलं ते ऐकण्यानं, आणि ऐकायला शांतता लागते. पाण्याखाली ती शांतता त्यांनी शिस्तीनं राखली होती. धक्क्यावर बँड आहे, जयघोष आहे, सगळे बोलताहेत. हिनरिशचे कान तिथे कुणाच्या उपयोगाचे? चित्रपटानं स्वतःसाठी आखलेल्या नियमाचाच हा शेवट आहे.

हा चित्रपट तीन लांबींत मिळतो. 1981 ची चित्रपटगृहातली आवृत्ती अडीच तासांची, 1997 ची दिग्दर्शकाची सुमारे साडेतीन तासांची, आणि दूरचित्रवाणी मालिकेची जवळजवळ पाच तासांची. मी 1997 च्या आवृत्तीच्या बाजूचा. अडीच तासांत प्रसंग सगळे बसतात, पण प्रसंगांमधला कंटाळा पुरेसा बसत नाही. त्या कंटाळ्यात, एकमेकांच्या विनोदांना विटलेल्या, बुरशी आलेला पाव सोलून खाणाऱ्या माणसांतच, आपल्या कानांना त्या जागेचे नेहमीचे आवाज ओळखीचे होतात, आणि नेहमीचा आवाज माहीत असेल तरच वेगळा आवाज दचकवतो. शिवाय त्या आवृत्तीसाठी ध्वनीची नव्यानं बहुवाहिनी मांडणी केली गेली, त्यामुळे वरून जाणारी विनाशिका खरोखर डोक्यावरून जाते. चांगली ध्वनिव्यवस्था असलेलं प्रेक्षागृह मिळालं तर उत्तम. नाही तर हेडफोन लावून पाहावा, आणि डबिंग टाळून मूळ जर्मनमध्येच, कारण नियंत्रणकक्षातली ती कुजबुज दुसऱ्या भाषेत नीट उतरत नाही.